हनीइटरचा मुलूख

पुण्यात बॉटलब्रश फुलला की त्यावर शिंजीर येतो. लाल तुऱ्यात चोच खुपसतो, इकडून तिकडे नाचतो आणि भुर्रकन उडून जातो. हे झाड मुळात ऑस्ट्रेलियाचं. सिडनीत ते फुलतं तेव्हा मात्र त्यावर शिंजीर कधीच दिसत नाही. अख्ख्या ऑस्ट्रेलियात शिंजिराची एकच जात आहे आणि तीही दूर उत्तरेला, क्वीन्सलँडच्या उष्ण किनाऱ्यावर राहते. इथल्या फुलांवर राज्य आहे ते हनीइटर या कुळाचं. चोच, जीभ आणि फुलाभोवतीची ती लगबग पाहून दोघे भाऊभाऊ वाटतात, पण त्यांचं नातं फार लांबचं आहे. मकरंदावर जगायची युक्ती दोन वेगळ्या घराण्यांना स्वतंत्रपणे साधली आहे.

मी पुण्यात वनस्पतिशास्त्र शिकवत होते. आता सिडनीच्या पश्चिम उपनगरात देशी झाडांच्या नर्सरीत काम करते. देशी म्हणजे अर्थात इथली: बँक्सिया, ग्रेव्हिलिया, हेकिया, निलगिरीच्या नाना जाती. रोपांना पाणी घालताना डोक्यावर जे चालू असतं, त्यातून मी हे पक्षी शिकले. झाडांच्या वाटेनं गेल्यामुळे असेल, पण हनीइटर समजून घ्यायचे तर आधी झाडाकडे पाहावं, असं माझं ठाम मत झालं आहे.

या कुळात सुमारे 190 जाती आहेत. त्यातल्या सत्तरहून अधिक ऑस्ट्रेलियात, जवळजवळ तितक्याच न्यू गिनीत आणि उरलेल्या पूर्व इंडोनेशियापासून न्यूझीलंड, फिजी, सामोआपर्यंतच्या बेटांवर. ऑस्ट्रेलियात पक्ष्यांचं दुसरं कुठलंच कुळ इतकं फोफावलेलं नाही. एका टोकाला स्कार्लेट हनीइटर: आठेक ग्रॅम वजनाचा, नर लालभडक, निलगिरीच्या शेंड्यावर बसला की खालून दिसत नाही, नुसता किणकिणता आवाज येतो. दुसऱ्या टोकाला टास्मानियाचा यलो वॉटलबर्ड: लांबी सुमारे 45 सेंटिमीटर, गालांवरून पिवळी मांसल लोलकं लोंबणारी, आवाज घसा खाकरल्यासारखा. शिवाय वाळवंटातल्या उघड्या दगडगोट्यांच्या माळावर जमिनीवरून चालत किडे टिपणारा गिबरबर्डही याच कुळातला. फुलाशी त्याचा फारसा संबंध उरलेला नाही. एके काळी त्याला आणि त्याच्या चॅट नावाच्या भाईबंदांना वेगळं कुळ दिलं होतं. पुढे डीएनए तपासल्यावर ते हनीइटरच निघाले.

कुळाची खरी खूण आहे जीभ. ती लांब असते आणि टोकाला चार भागांत चिरलेली, प्रत्येक भागाच्या कडा बारीक तंतूंनी विंचरलेल्या. रंगाऱ्याचा ब्रश रंग ओढून घेतो तशी ती मकरंद ओढून घेते. पक्षी ती सेकंदाला दहा-एक वेळा फुलात आतबाहेर करतो.

हे जवळून पाहायचं तर ब्लू माउंटन्समध्ये माउंटन डेव्हिलच्या झुडपाशी उभं राहावं. पानं ताठ आणि टोकाशी बोचरी, फुलं लाल नळीची, घोसात. त्यावर ईस्टर्न स्पाइनबिल येतो. आकार आपल्या शिंजिरापेक्षा थोडा मोठा, डोकं काळं, डोळा लाल, पांढऱ्या छातीवर गळ्याशी तांबूस ठिपका, पोट दालचिनीच्या रंगाचं आणि चोच लांब, बारीक, खाली वाकलेली. तो फांदीवर तिरका टेकतो, कधी पंख फडफडवत क्षणभर हवेतच थांबतो आणि चोच नळीत पार मुळापर्यंत घालतो. त्या वेळी फुलाचं पुढे आलेलं टोक बरोबर त्याच्या कपाळाला घासतं. चोच बाहेर येते तेव्हा कपाळाच्या पिसांवर परागाची फिकट भुकटी लागलेली असते. तीच घेऊन तो पुढच्या झुडपावर जातो. फुलाच्या नळीचं माप आणि पक्ष्याच्या चोचीचं माप एकमेकांना किती साजेसं आहे, हे त्या एका हालचालीत दिसतं. हे मी वर्गात फळ्यावर आकृती काढून शिकवलं होतं. झुडपासमोर उभं राहिल्यावर त्यातला आनंद कळला.

केवळ मकरंदावर मात्र कुणाचंच भागत नाही. मकरंदात साखर असते, प्रथिनं जवळजवळ नसतात, म्हणून सगळेच हनीइटर किडेही खातात. त्यातही इथं एक खास खाऊ आहे. विदर्भातले संत्रा बागायतदार ‘सिला’ नावाची कीड ओळखतात. तिच्या जवळच्या किडी निलगिरीच्या पानांवर राहतात आणि स्वतःवर साखरेचं एक लहानसं पांढरं छप्पर बांधतात. त्याला इथं लर्प म्हणतात. कित्येक हनीइटर हे लर्प खरवडून खातात. म्हणजे झाड फुललेलं नसलं तरी पानावर साखर मिळतेच. पेंटेड हनीइटर हा तर बांडगुळावर जगतो. आपल्याकडे बांडगुळाच्या बिया फुलटोच्या पसरवतो, इथं ज्यांच्याकडे ते काम आहे त्यात हा एक. बांडगूळ जिथे पिकेल तिथे त्याचा मुक्काम.

एवढी साखर आली कुठून? ऑस्ट्रेलियाची जमीन फार जुनी आणि निकस आहे. स्फुरद आणि नत्र कमी. ऊन मात्र भरपूर. झाड उन्हात साखर तयार करतं, पण तिच्यापासून पानं आणि बिया भरभरून वाढवायला लागणारी खनिजं मातीत नसतात. मग साखर शिल्लक राहते आणि ती फुलांतून वाहू देणं झाडाला परवडतं, अशी मांडणी काही शास्त्रज्ञांनी केली आहे. मला ती पटते. निलगिरीच्या सातशेहून अधिक जाती, बँक्सिया, ग्रेव्हिलिया, बॉटलब्रश या सगळ्यांनी मिळून पक्ष्यांसाठी जे अन्नछत्र उघडलं, तसं जगात इतरत्र फारसं कुठे नाही. कूर्गच्या कॉफीच्या मळ्यांत सावलीसाठी लावलेला सिल्व्हर ओक हीसुद्धा एक ग्रेव्हिलियाच. फुलल्यावर त्याच्या नारिंगी तुऱ्यांतून रस कसा निथळतो, ते तिथल्या लोकांनी पाहिलेलं आहे.

पण हे अन्नछत्र बेभरवशाचं आहे. आपला पळस वसंतात फुलणार म्हणजे फुलणार. निलगिरीच्या अनेक जाती एखाद्या वर्षी अंगभर फुलतात आणि पुढची दोन-तीन वर्षं जवळजवळ फुलतच नाहीत. पाऊस कधी झाला, मागचा दुष्काळ किती ताणला, यावर ते ठरतं. म्हणून हनीइटरांना फुलांमागे फिरावं लागतं. काहींचं फिरणं ठरावीक नसतं. आज इथे, उद्या शंभर मैलांवर. काहींचं मात्र ऋतूला बांधलेलं आहे. एप्रिल-मे म्हणजे इथला शरद. त्या दिवसांत थंड, निरभ्र सकाळी कटूंबाजवळच्या नॅरो नेक कड्यावर गेलं तर यलो-फेस्ड आणि व्हाइट-नेप्ड हनीइटरांचे थवे एकामागून एक उत्तरेकडे जाताना दिसतात. उंच आभाळातून नव्हे. झाडांच्या शेंड्यांना धरून, डोंगराच्या सोंडेवरून, दहा-वीस-पन्नासच्या तुकड्यांनी. मोकळ्या दरीच्या तोंडाशी आले की थबकतात, झाडीत शिरतात, किलबिलाट करतात आणि सगळे मिळून एकदम पलीकडे झेपावतात. सतरा-अठरा ग्रॅमचा हा पक्षी दक्षिणेच्या थंडीतून क्वीन्सलँडपर्यंत जातो. प्रयोगांत असं दिसलं आहे की यलो-फेस्ड हनीइटर दिशा ओळखायला पृथ्वीच्या चुंबकत्वाचाही उपयोग करतो.

आता नकाशाकडे. 1856च्या जूनमध्ये आल्फ्रेड रसेल वॉलेस हा इंग्रज निसर्गअभ्यासक बालीहून लोंबोकला गेला. मधली सामुद्रधुनी पस्तीसेक किलोमीटर रुंद. बालीत त्याला आशियातले पक्षी दिसले होते. लोंबोकला पाय ठेवला आणि पांढरे काकाकुवे, हनीइटर असे ऑस्ट्रेलियाच्या गोतातले पक्षी सुरू झाले. समुद्र तिथे इतका खोल आहे की हिमयुगात पाणी उतरलं तरी ही दोन बेटं जमिनीनं जोडली गेली नाहीत. पुढे या सीमेला वॉलेसरेषा असं नाव पडलं. जवळजवळ सगळं हनीइटर कुळ या रेषेच्या पूर्वेला आहे. लिकमेरा गटातला एक साधासा तपकिरी हनीइटर तेवढा रेषा ओलांडून बालीत राहतो. त्याच्या पश्चिमेला कुणी नाही. म्हणून भारतात आपल्याला एकही हनीइटर दिसत नाही.

याहून पूर्वेच्या इंडोनेशियन बेटांवर वॉलेसला आणखी एक गोष्ट दिसली आणि ती मला फार आवडते. आपला हळद्या कसा पिवळाधमक असतो! बुरू बेटावरचा हळद्या मात्र मळकट तपकिरी आहे. तिथे फ्रायरबर्ड नावाचा मोठा, दणकट, भांडखोर हनीइटर राहतो. डोळ्याभोवती काळी उघडी कातडी, मानेवर फिकट पिसांची उलटी कॉलर. बुरूच्या हळद्यानं त्याची हुबेहूब नक्कल उचलली आहे: कातडीच्या जागी काळी पिसं, कॉलरच्या जागी फिकट पट्टा. शेजारच्या सेराम बेटावर फ्रायरबर्डचा रंग वेगळा, तर हळद्याचाही तसाच वेगळा. ही नक्कल इतकी बेमालूम आहे की एका फ्रेंच सफरीच्या ग्रंथात बुरूचा हळद्या हनीइटर म्हणूनच छापला गेला होता. वॉलेसनं कारणही सुचवलं: फ्रायरबर्ड टोळीनं ससाण्या-कावळ्यांवर तुटून पडतात, म्हणून त्यांच्या वाटेला कुणी जात नाही आणि त्या दराऱ्याचा फायदा दुबळ्या हळद्याला मिळतो.

या बेटांवर अजूनही नवे हनीइटर सापडताहेत. इंडोनेशियातल्या रोटे बेटावरच्या छोट्या लाल-काळ्या मायझोमेलाला 2017मध्ये स्वतंत्र जात म्हणून नाव मिळालं, अलोर बेटावरच्या त्याच्या भावाला 2019मध्ये. न्यू गिनीच्या फोजा पर्वतात 2005च्या अखेरीस शास्त्रज्ञांची मोहीम गेली आणि तिला चेहऱ्यावर नारिंगी कातडी असलेला एक काळपट हनीइटर दिसला. 1939नंतर न्यू गिनीत सापडलेली पक्ष्याची ती पहिली नवी जात.

पूर्वेकडे जावं तशा जाती विरळ होतात. न्यूझीलंडला दोनच: टुई आणि बेलबर्ड. वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स 1770च्या जानेवारीत कॅप्टन कुकच्या जहाजावर होता. क्वीन शार्लट साउंडमध्ये नांगर टाकलेला असताना पहाटे किनाऱ्यावरून आलेल्या पक्ष्यांच्या गाण्यानं तो जागा झाला आणि इतकं सुरेल रानसंगीत आपण कधी ऐकलं नव्हतं, असं त्यानं रोजनिशीत नोंदवलं. ते गाणारे बहुधा बेलबर्डच होते. पॅसिफिकमध्ये उत्तरेला सैपान बेटावरही मायझोमेला पोचला आहे. ग्वाम बेटावर मात्र तो उरलेला नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर जहाजांतून आलेल्या तपकिरी वृक्षसापानं तिथले बहुतेक रानपक्षी संपवले.

हवाई बेटांचं प्रकरण वेगळंच निघालं. तिथे ओओ नावाचे काळे-पिवळे, मकरंद पिणारे पक्षी होते. दीडशेहून जास्त वर्षं त्यांना हनीइटरच समजत. कवाई बेटावरच्या शेवटच्या ओओचा आवाज 1987मध्ये ऐकू आला, त्यानंतर नाही. 2008मध्ये संग्रहालयातल्या जुन्या कातड्यांचा डीएनए तपासला तेव्हा कळलं की त्यांचं नातं वॅक्सविंग या उत्तरेकडच्या पक्ष्यांशी आहे. म्हणजे एक संपूर्ण कुळ नाहीसं झालं होतं आणि ते वेगळं कुळ होतं हे कळायला आपल्याला आणखी एकवीस वर्षं लागली. ही नोंद वाचताना मला दर वेळी वाईट वाटतं.

तीच भीती आज रीजंट हनीइटरबद्दल आहे. काळं डोकं, पाठीपोटावर काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या खवल्यांची जाळी, पंख-शेपटीत झगझगीत पिवळा. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी याचे मोठाले थवे ॲडिलेडपासून क्वीन्सलँडपर्यंत फिरत. आता दक्षिण ऑस्ट्रेलियातून तो गेला आहे आणि सगळीकडचे मिळून रानात तीनशेच्या आसपासच उरले असावेत. कारण सरळ आहे. त्याला भरपूर रस देणाऱ्या निलगिरी हव्यात: मुग्गा आयर्नबार्क, व्हाइट बॉक्स, यलो बॉक्स. या निलगिरी जिथे दाट वाढतात, तीच जमीन गहू आणि मेंढ्यांना चांगली. म्हणून तीच आधी साफ झाली. सिडनीच्या वायव्येला केपर्टी नावाची दरी आहे, तिथे ते अजून घरटी करतात. ओढ्याकाठी सुरूच्या जातीची झाडं आहेत, त्यांवर सुईसारख्या पानांचं बांडगूळ येतं. त्याच्या फुलांतला रस हा त्यांचा आधार.

ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीच्या रॉस क्रेट्स आणि सहकाऱ्यांनी 2021मध्ये या पक्ष्याबद्दल एक काळजात रुतणारी गोष्ट प्रसिद्ध केली. रीजंटचं पिल्लू गाणं जन्मतः घेऊन येत नाही, घरट्याबाहेर पडल्यावर इतर प्रौढ नरांचं ऐकून शिकतं. नर इतके थोडे आणि इतके विखुरलेले झाले आहेत की काही तरुणांना शिकवायला कुणी भेटतच नाही. मग ते फ्रायरबर्डचं, वॉटलबर्डचं, रोझेला पोपटाचं गाणं उचलतात. सुमारे 12 टक्के नर स्वतःच्या जातीचं गाणं मुळीच गात नव्हते. असा नर गातो, पण मादी त्याच्याकडे फिरकण्याची शक्यता कमी. सिडनीच्या टारोंगा प्राणिसंग्रहालयात 1995पासून रीजंटची पैदास चालते. आता तिथे पिल्लांना ध्वनिमुद्रणं ऐकवतात आणि रानात जन्मलेल्या नरांच्या सहवासात ठेवून गाणंही शिकवतात. वाढवलेले पक्षी रानात सोडले जातात. त्यांच्यासाठी स्वयंसेवक केपर्टीत नव्वदच्या दशकापासून झाडं लावत आले आहेत. गाणं शिकवणं आणि झाड लावणं, दोन्ही एकाच कामाचे भाग आहेत.

या गोष्टीत दुसरीही बाजू आहे आणि ती माझ्या रोजच्या कामाशी येऊन भिडते. सगळेच हनीइटर संकटात नाहीत. नॉइझी मायनर हा राखाडी, डोळ्यामागे पिवळा ठिपका असलेला हनीइटर भलताच वाढला आहे. नर्सरीत लोक सांगतात, ‘आमच्या बागेत इंडियन मायना फार झालेत.’ आपली साळुंकी 1860च्या दशकात मेलबर्नला आणून सोडली गेली आणि पुढे पूर्वेकडच्या शहरांत पसरली, हे खरंच. पण पुष्कळदा ते ज्याचं वर्णन करतात तो असतो नॉइझी मायनर, शंभर टक्के इथला. तो टोळीनं राहतो आणि आपल्या हद्दीतून लहान पक्ष्यांना अक्षरशः हुसकावून लावतो. एकदा माझ्या डोळ्यांदेखत एका चुकल्यामाकल्या स्पाइनबिलवर सात-आठ मायनर तुटून पडले. तो कुंपणालगतच्या काटेरी हेकियात घुसला म्हणून वाचला. मायनरला हवी असते उंच निलगिरीची विरळ झाडी आणि खाली मोकळं गवत. रान तोडून आपण रस्ते, हिरवळी, बागा केल्या. त्याला हवं ते सगळं मिळालं. रानाच्या कडेपासून दीडशे ते तीनशे मीटर आतपर्यंत त्याचा अंमल चालतो. म्हणून रानाचे चिंचोळे तुकडे राखून फारसं साधत नाही. 2014मध्ये ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारनं नॉइझी मायनरच्या या हुसकावण्याला पक्ष्यांवरचा एक प्रमुख धोका म्हणून अधिकृत नोंदवलं. रीजंटच्या घरट्यांनाही त्याचा उपद्रव होतो. तरी दोष मी पक्ष्याला देणार नाही. झुडपं काढून टाकणारे आपण आहोत.

सिडनीच्या या भागात गेल्या काही वर्षांत पुष्कळ मराठी कुटुंबांनी घरं घेतली आहेत. पॅरामॅटा, ब्लॅकटाउन आणि त्यापलीकडच्या नव्या वसाहतींतून ती नर्सरीत येतात. बोलता बोलता मराठी निघते आणि मग गप्पा लांबतात. बहुतेकांना बारमाही फुलणारी, मोठ्या लाल फुलांची संकरित ग्रेव्हिलिया हवी असते. ‘रॉबिन गॉर्डन’ सगळ्यात लाडकी. रोप सुंदर आहे, मी विकतेही. पण वर्षभर वाहणारा रस आणि खाली मोकळी हिरवळ ही नॉइझी मायनर आणि वॉटलबर्डची मेजवानी आहे. ते तिथे ठाण मांडतात, लहान हनीइटरांना येऊ देत नाहीत.

म्हणून माझं सांगणं असं. ग्रेव्हिलिया लावायचीच तर बारीक फुलांची आणि बोचऱ्या पानांची लावा. तिच्याभोवती काटेरी बर्सेरिया, हेकिया, कुंझिया दाट लावा, कंबरेपासून डोक्यापर्यंतच्या उंचीची गर्दी होऊ द्या. हिरवळ थोडी कमी करा. जुनी निलगिरी अंगणात असेल तर तोडू नका; तिच्या पोकळ्या आणि फुलं नवी झाडं कित्येक दशकं देऊ शकत नाहीत. बशीत मध किंवा साखरपाणी ठेवू नका, त्यानं रोग पसरतात आणि दांडगे पक्षीच जमतात. सिडनीतल्या काही कौन्सिल रहिवाशांना देशी रोपं फुकट देतात, चौकशी करा. लागवड एप्रिल-मेमध्ये करा, म्हणजे जमीन अजून उबदार असते आणि उन्हाळ्याआधी मुळं धरतात.